तीन म्हणजे चांगलं की वाईट?

रात्री साडेदहानंतर बसा. त्याआधी मीरा रोडच्या नया नगरात शांत बसणं जमत नाही. हैदरी चौकाकडून येणाऱ्या रिक्षा, स्टेशनवरून लोंढ्याने परतणारी माणसं, कुणाच्या तरी घरातला कुकर. खालच्या दुकानाचं शटर पडलं की मग. खिडकी उघडी असू द्या. डोळे मिटायचे तर मिटा, नाही मिटले तरी चालेल. मी मिटत नाही, मला झोप लागते.

समोर एक कागद आहे असं धरून चला. पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट, चार घड्या घातलेला, घडीच्या रेषेवर शाई उडालेली. वर नाव, वय, लिंग. मधे एक ओळ, एचसीव्ही जीनोटाइप, आणि तिच्यापुढे एकच आकडा. ३.

हा कागद आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाचांचा. चाचा मूळचे महाडकडचे, मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त जरा अधिक चवीने. २००९ साली जिन्यात उभं राहून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तीन म्हणजे चांगलं की वाईट?" मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक "डॉक्टरांना विचारा" असंच काहीतरी. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. आज तो तुमच्यासमोर ठेवतो. उत्तर द्यायची घाई करू नका, थोडा वेळ नुसता धरून बसा.

सुरुवात रक्तापासून करू. दंडाला रबरी पट्टा. "मूठ आवळा काका," असं लॅबचा मुलगा म्हणतो. स्पिरिटचा गार बोळा. सुई आत गेली की जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त आपसूक ओढलं जातं, नळीत पोकळी ठेवलेली असते म्हणून. मग तो नळी झटकत नाही. सावकाश उलटी करतो, सुलटी करतो, पुन्हा उलटी. आठ-दहा वेळा. आतलं औषध रक्तात मिसळावं आणि रक्त गोठू नये यासाठी. पुढच्या वेळी तोंड फिरवू नका, बघा. नळी उलटली की आतला हवेचा बुडबुडा रक्तातून वर सरकतो, सुलटी केली की परत फिरतो. एका फेरीला एक श्वास लागतो. तो घ्या.

त्या नळीत पिवळं काही नसतं. सी प्रकारच्या हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे एचसीव्ही या विषाणूच्या आजारात, बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. काही जणांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपणहून निघून जातो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो, आणि पुढची वीस-तीस वर्षं यकृत कुणाला न कळता निबर होत जातं. म्हणूनच की काय, मराठीत 'पांढरी कावीळ' हा शब्द रुळला. बरेच जण तो बी साठी वापरतात, काही सी साठीही. आमच्याच जिन्यातले उत्तर प्रदेशातून आलेले शेजारी 'काला पीलिया' म्हणतात. एकाला ती पांढरी दिसते, दुसऱ्याला काळी, आणि दोघांनाही सांगायचं असतं ते एवढंच, की ही नेहमीची कावीळ नव्हे. शास्त्रज्ञांचंही काही काळ असंच चाललं होतं. १९७५ मध्ये अमेरिकेत हार्वी ऑल्टर यांच्या गटाला दिसलं की रक्त चढवल्यावर होणारी बरीचशी कावीळ ए विषाणूची नाही आणि बी ची पण नाही. नाव पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. चौदा वर्षं तो आजार हेच नकाराचं नाव घेऊन फिरला. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विषाणूच्या जनुकाचा तुकडा मिळाला, तेव्हा कुठे सी हे अक्षर लागलं. चाचांना रक्त चढवलं होतं ते १९८८ मध्ये, एका ऑपरेशनच्या वेळी. तेव्हा या विषाणूची चाचणीच जगात नव्हती. आपल्याकडे रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. आजार त्या पिशवीतूनच आला का, ते आता कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

आता त्या विषाणूच्या आत जाऊ.

आत फारसं काही नाही. आरएनएचा एकच धागा, सुमारे ९,६०० अक्षरांचा. अक्षरं चारच, पुन्हा पुन्हा येणारी. एवढा मजकूर मासिकाच्या चार-पाच पानांत मावेल. त्यातून एक लांबलचक प्रथिन तयार होतं, तीनेक हजार अमिनो आम्लांचं, आणि ते कापून दहा लहान प्रथिनं. एवढ्याच भांडवलावर तो माणसाच्या यकृतात तीस वर्षं संसार करतो.

त्या दहांपैकी एकाचं काम मजकुराची नक्कल करण्याचं. त्याला एनएस५बी म्हणतात. ते झपाट्याने नक्कल करतं आणि केलेली नक्कल कधीच तपासून पाहत नाही. दहा हजार ते लाखभर अक्षरांमागे एखादी चूक होते. आणि नकला किती, तर उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक लाख कोटी विषाणू तयार होतात. रक्तात असलेल्यांपैकी निम्मे तीनेक तासांत नाहीसे होतात, नवे येतात. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं. या आकड्यावर विचार करू नका, डोकं चालत नाही. त्याऐवजी मीरा रोडच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी उभे राहा. चर्चगेटच्या गाडीसाठी रोज तीच गर्दी असते. तीच म्हणजे काय? कालचे निम्मे चेहरे आज नसतात, तरी आपण म्हणतो रोजचीच गर्दी. चाचांच्या रक्तात 'एक विषाणू' कधीच नव्हता, अशी गर्दी होती. प्रत्येक जण शेजाऱ्याहून एखाद्या अक्षराने वेगळा. लॅबने त्या सगळ्या गर्दीला मिळून आकडा दिला, ३.

इथे थांबू. खाली कुणीतरी स्कूटर स्टँडवर लावतोय. लावू दे.

चुका करत नक्कल करणाऱ्याचं हे काम मराठी माणसाला अनोळखी नाही. छापखाने येण्याआधी पोथ्या हातानेच उतरवत. लेखनिकाचा डोळा चुकला, एक ओळ सुटली, की त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती ओळ सुटलेली. कुणी अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा घातला की तो पुढे तसाच चालला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं नकलांवर नकला होत आल्या होत्या. दोन हस्तलिखितं समोर ठेवून बसलेल्या माणसाची बैठक मनात आणा. मांडीवर एक, चौरंगावर एक. बोट एका ओळीवर, डोळा दुसऱ्या ओळीवर. दोन्हीकडे अक्षर बरोबर आलं तर त्यातून नातं कळत नाही, बरोबर अक्षर कुणाकडेही असू शकतं. दोन्हीकडे तीच चूक निघाली की तो थबकतो. या दोन पोथ्या एकाच पोथीवरून उतरल्या आहेत. नातं चुकांवरून कळतं.

विषाणूंचा वंशवृक्ष याच युक्तीने काढतात. फरक एवढाच की नाथांना चुका काढून मूळ पाठ हवा होता, आणि इथे मूळ पाठ कुणाला नकोय, चुकाच हव्यात. जमलेल्या चुकांच्या हिशेबावर घराणी ठरतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, बाकीचं नंबर देण्याचं काम आहे. पण नंबर दिल्यावाचून माणसाला चैन पडत नाही, आणि चाचांचा प्रश्न नंबराचाच होता, तेव्हा तिकडे वळू.

१९९३ मध्ये एडिंबरात पीटर सिमंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतले नमुने घेतले, विषाणूच्या एनएस५ भागातला एक छोटा तुकडा वाचला, आणि नमुने दोन-दोन करून एकमेकांशी ताडून पाहिले. प्रत्येक जोडीत किती अक्षरं वेगळी, एवढंच मोजायचं. फरक लहानापासून मोठ्यापर्यंत सलग पसरले असते तर काहीच करता आलं नसतं. तसं झालं नाही. फरकांचे तीन ढीग पडले. थोडा फरक, बराच फरक, खूप फरक. ढिगांच्या मधे जागा मोकळी होती.

ही मोकळी जागा डोळ्यांपुढे आणायची तर लोकलच्या दारात उभं राहावं लागेल. बोरिवली ते दहिसर इमारती खिडकीला लागून पळतात, एक गाव संपून दुसरं कधी लागलं ते कळत नाही. दहिसर सुटलं की एकदम वारा लागतो. खारफुटी, मिठागरांची चौकटी जमीन, वर मोकळं आभाळ. मग मीरा रोड. भाईंदरनंतर खाडीचा पूल. तिथे रेघ ओढायला कुणाची परवानगी लागत नाही, जमिनीनेच जागा सोडलेली आहे. सिमंड्सना अशीच सोडलेली जागा सापडली आणि त्यांनी तिथे रेघ ओढली. आज नियम असा सांगतात की दोन जनुकप्रकारांत, म्हणजे जीनोटाइपांत, शंभरापैकी तीसेक अक्षरं वेगळी असतात. एकाच प्रकारातल्या दोन उपप्रकारांत निदान पंधरा. प्रकाराला आकडा, उपप्रकाराला रोमन लिपीतलं लहान अक्षर: १ए, १बी, ३ए, ३बी. नवं अक्षर हवं असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले किमान तीन नमुने लागतात. एकट्याला अक्षर मिळत नाही.

पण सगळीकडे खाडी नसते. आग्नेय आशियातल्या ६ व्या प्रकाराचे नमुने जसजसे जमत गेले तसतशा तिथल्या मोकळ्या जागा बुजत चालल्या, रेघेच्या या बाजूचा कोण आणि त्या बाजूचा कोण ते ठरवणं अवघड झालं. आता खिडकीतून खाली पाहा. नया नगर कुठे संपतं? इथेही खाडी नाही, रस्ता आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोबाइलची सारखीच दुकानं आहेत. रेघ आहे ती भाड्याने घर बघायला आलेल्याला एजंट पहिला प्रश्न विचारतो त्यात. ती रेघ कुठल्या मोकळ्या जागेवरून ओढली ते स्वतःला विचारून पाहा. मी पुष्कळदा विचारलं आहे.

एक श्वास. पुढे जाऊ.

आकडे मिळाले, पण एकदाच मिळाले असं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी गटाची मोजणी वेगळी होती. आज ज्याला ३ए म्हणतात तो त्यांच्या पद्धतीत रोमन पाच होता. त्याच नळीतला तोच विषाणू टोकियोत पाच आणि एडिंबरात तीन. पुढे आग्नेय आशियातून सात, आठ, नऊ, दहा, अकरा असे नवे प्रकार जाहीर झाले. नंतर बारकाईने पाहिल्यावर दहावा तिसऱ्याच्याच घराण्यातला निघाला आणि बाकीचे सहाव्यात गेले. अकराचे सहा झाले. रिकामे झालेले आकडे मग दुसऱ्यांना मिळाले. सातवा मिळाला तो कॅनडात सापडलेल्या एका रुग्णाच्या विषाणूला, माणूस मूळचा काँगोचा. आठवा २०१८ मध्ये, पुन्हा कॅनडातच, चार रुग्णांत. चौघेही मूळचे पंजाबचे, आपल्या पंजाबचे. विषाणू कुठल्या मातीतला, आणि त्याचं बारसं कुठल्या गावी. जिथे कुणाला त्याच्याकडे नीट बघायला सवड होती तिथे ते झालं. ३ व्या प्रकाराची सगळ्यात जुनी आणि फांद्या फुटलेली घराणी आपल्या दक्षिण आशियात आहेत. जगातल्या सी च्या रुग्णांपैकी तीसेक टक्के या प्रकाराचे, आणि त्यांतले बहुसंख्य याच भागातले. भारतात हाच सगळ्यात जास्त आढळतो. चाचांचा तीन म्हणजे अगदी गावचा पाहुणा.

रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात पत्ता आहे. पत्त्याच्या शेवटी सहा आकडे: ४०११०७. पिन कोडची ही कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. वृत्तात अक्षरं मोजणाऱ्या माणसाला देशाची वाटणी सहा आकड्यांत करता यावी याचं मला अजून कौतुक वाटतं. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा आणि शेजारचा मध्य भारत. ४०१ आलं की आपण वसई, विरार, डहाणूच्या पंगतीत बसतो. दहिसर मात्र ४०००६८, मुंबईच्या पंगतीत. म्हणजे पिन कोड पाहणाऱ्याला आम्ही वसईकडचे. पण फोनचा कोड ०२२, त्या हिशेबाने मुंबईचे. जिल्हा ठाणे. आणि वर्षानुवर्षं गाड्यांच्या पाटीवर एमएच-०४, तेही ठाण्याचंच. घर एकच, कुठला कागद बघता त्यावर त्याचं गाव ठरतं.

विषाणूचंही असंच होतं. ९,६०० अक्षरं सगळी वाचणं खर्चाचं, म्हणून लॅब एखादा तुकडाच वाचते. सुरुवातीच्या टोकाचा भाग फार कमी बदलतो, म्हणून विषाणू आहे की नाही ते पाहायला तो उत्तम. उपप्रकार ओळखायला मात्र तोच कच्चा पडतो. त्यातली गंमत २००२ मध्ये उघडी पडली. रशियात सेंट पीटर्सबर्गला एक विषाणू मिळाला. सुरुवातीकडून वाचला तर २के, शेवटाकडून वाचला तर १बी. कधीतरी एकाच माणसाच्या एकाच पेशीत दोन प्रकार एकत्र आले होते आणि नक्कल करताना एका पोथीतून दुसऱ्या पोथीत उडी पडली होती. नुसती सुरुवात वाचणारी लॅब त्याला दोन म्हणणार, शेवट वाचणारी एक, आणि खोटं कुणीच नाही. जॉर्जिया देशात २ म्हणून नोंदलेल्या बऱ्याच रुग्णांत पुढे हाच जोडविषाणू निघाला, आणि दोनाला चालणारी औषधं त्याला नीट चालेनात.

मग या सगळ्या मोजामोजीचा उपयोग काय, असं मनात आलं असेल. येऊ द्या. एक उदाहरण घरचं आहे, सी चं नाही पण त्याच्या शेजारच्या ई चं. ई पाण्यातून पसरतो. डुकरांच्या अंगातही ई विषाणू सापडतो, त्यामुळे आपल्याकडे साथी येतात त्या गावात फिरणाऱ्या डुकरांमुळे का, हा प्रश्न होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या माणसांचे आणि डुकरांचे विषाणू ताडून पाहिले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माणसांत पहिला प्रकार, डुकरांत चौथा. एकाच गल्लीत राहून दोघांची घराणी वेगळी होती. डुकरांवरचा आळ हटला आणि बोट परत पिण्याच्या पाण्याकडे वळलं, जिथे ते मुळात असायला हवं होतं.

दुसरं उदाहरण दूरचं आणि जड आहे. इजिप्तमध्ये विसाव्या शतकात नाईलच्या पाण्यातल्या कृमीवर सरकारने इंजेक्शनांची मोहीम राबवली. सुया नीट निर्जंतुक होत नव्हत्या. त्यांच्याबरोबर ४ए हा उपप्रकार गावागावांत पोचला. पुढे विषाणूंतल्या चुका मोजून शास्त्रज्ञांनी काळ मागे नेला, तर वाढीची उसळी साधारण त्या इंजेक्शनांच्याच काळात येत होती. सरकारी दप्तरात जे लिहिलं नव्हतं ते लोकांच्या रक्तात तारीखवार लिहिलेलं होतं. याच इजिप्तने पुढे, २०१८-१९ मध्ये, कोट्यवधी माणसांची तपासणी करून मोफत औषधं दिली, हेही त्याच दमात सांगायला हवं.

आता चाचांच्या कागदावर परत या. बुडबुडा वर सरकू द्या.

२००९ मध्ये डॉक्टरांनी तीन पाहिला आणि म्हणाले, बरं झालं. तेव्हा उपचार म्हणजे दर आठवड्याला पोटात इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. पहिल्या प्रकारवाल्यांना ४८ आठवडे, तिसऱ्यावाल्यांना २४, आणि बरं होण्याची शक्यताही तिसऱ्याला जास्त. चाचींच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी इंजेक्शनचा खोका असायचा. इंजेक्शनच्या रात्री चाचांना थंडी वाजून ताप भरायचा, दोन गोधड्या लागायच्या. त्या दिवसांत चाचींनी त्यांचं ताट वेगळं केलं होतं. सी ताटातून पसरत नाही, पाण्यातून नाही, मिठी मारल्याने नाही. तो रक्तातून रक्तात जातो. हे चाचींना दोनदा सांगून झालं, तिसऱ्या वेळी त्यांनीच चाचांना ओढून दस्तरखानावर बसवलं. सहा महिन्यांनी विषाणू दिसेनासा झाला. औषध थांबल्यावर चार महिन्यांनी परत दिसला.

तीन चांगला होता, असं तेव्हा वाटलं होतं.

मग नवी औषधं आली. सोफोसबुव्हिर अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालं, एका गोळीला हजार डॉलर, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने सात भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना दिला. २०१५ पासून इथल्या बाटल्या आल्या, २८ गोळ्यांना वीसेक हजार रुपये. चाचांची पाळी २०१६ मध्ये. त्यांनी तोच २००९ चा कागद पुढे केला. नवे डॉक्टर तीन पाहून म्हणाले, हा जरा हट्टी आहे. ते चुकीचं बोलत नव्हते. एनएस५बी ला अडवणाऱ्या गोळ्यांपुढे पहिला प्रकार सहज नमायला लागला आणि पूर्वीचा गुणी तिसरा मागे पडला. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या जोडीच्या २०१५ च्या एका चाचणीत सिरॉसिस नसलेले तीन नंबरवाले शंभरातले ९६ बरे झाले होते, सिरॉसिस असलेले फक्त ६३. चाचांचं यकृत अजून तेवढं निबर झालं नव्हतं. रोज दोन गोळ्या, बारा आठवडे. गोधडी लागली नाही.

कागद तोच होता आणि आकडाही तोच, मधे विषाणूने एकाही अक्षराची मेहरबानी केलेली नव्हती.

२८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत. पुढच्या वर्षी चाचांच्या मेहुण्यांना तिथेच उपचार मिळाले. चाचांनी त्यांना बजावून पाठवलं होतं, कितवा नंबर आहे ते विचार. केंद्रात तो कुणी काढलाच नाही. सिरॉसिस आहे की नाही एवढं पाहिलं. नसेल तर एक जोडी, असेल तर दुसरी, आणि सगळ्या प्रकारांना चालणारी. मेहुणे बरे होऊन आले, आणि त्यांचा नंबर कुणालाच कळला नाही. चाचांना याची थोडी रुखरुख आहे असा मला संशय आहे. एवढी वर्षं आपण एक आकडा जपला आणि याला तो लागलाच नाही!

इथे विषय संपला असं समजू नका. नव्या गोळ्यांना पुरून उरणारे काही उपप्रकार आहेत. ३बी आणि ३जी त्यांतलेच, आणि दोन्ही भारतात सापडतात. त्यांच्यात औषधाला दाद न देणारी अक्षरं आधीपासूनच बसलेली असतात, कुणी औषध दिलेलं नसतानाही. आकडा विचारणं बंद झालं, पण एखाद्याला गुण आला नाही की अक्षर शोधायची वेळ येते. चाचांच्या कागदावर नुसता ३ होता, पुढचं अक्षर लिहिलेलंच नव्हतं. तो ए होता की बी ते आता कधीच कळणार नाही.

कारण कळायला विषाणू लागतो. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त दिलं त्याचा रिपोर्ट आला, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. आज चाचांनी जीनोटाइपसाठी नळी भरून दिली तर लॅब पैसे परत देईल, वाचायला पोथीच नाही. रक्तात राहिली आहेत ती प्रतिपिंडं. ती सहसा जन्मभर राहतात, आणि त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा एकच शब्द छापून येतो, 'रिअ‍ॅक्टिव्ह'.

दोन वर्षांपूर्वी चाचांचा मोतीबिंदू काढायचा होता. ऑपरेशनआधीच्या तपासणीत तो शब्द आला. त्यांची फाइल बाजूला काढून ठेवली गेली आणि नंबर दिवसाच्या शेवटी टाकला. सकाळपासून उपाशीपोटी बसलेले चाचा काही बोलले नाहीत. उठले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरा कागद काढला आणि सिस्टरसमोर ठेवला. तिने तो वाचला, फाइलला टाचला. नंबर शेवटचाच राहिला.

घरी आल्यावर काळा चष्मा लावून ते माझ्याकडे चहाला बसले होते. पिशवी बरोबरच होती. तिच्यातून त्यांनी २००९ चा कागद काढला, त्या चार घड्यांचा, आणि विचारलं, "हा आता फाडू?"

मी काहीच बोललो नाही. त्यांनी एका डोळ्याने तो आकडा थोडा वेळ पाहिला, घड्या होत्या तशाच घातल्या, आणि कागद दुसऱ्या रिपोर्टच्या मागे सरकवून ठेवला.